खाणीपेक्षा शुद्धीकरणाकडे पाहावे

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. घर विट्याजवळ आणि गलाईचे, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे, दुकान कोइमतूरला, अशा धावपळीतही आपण मुलीच्या शिक्षणाविषयी इतके सविस्तर लिहिलेत, याचा आनंद वाटला. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या कन्येने जम्मूतील रियासीच्या लिथियमविषयी, म्हणजे बॅटऱ्यांत लागणाऱ्या धातूविषयी, वाचले आणि तेव्हापासून तिने खाण अभियांत्रिकीचाच आग्रह धरला आहे. हे क्षेत्र टिकेल का आणि ते मुलीसाठी योग्य आहे का, असे आपण विचारता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भूमिगत खाणीत स्त्रियांनी काम करण्यावरील जुनी बंदी २०१९ मध्ये काही अटींवर उठली असून कायद्याची आडकाठी आता राहिलेली नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. रियासीचा ५९ लाख टनांचा आकडा फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला; तो प्राथमिक अनुमानाचा आहे, शिवाय तो खनिजाचा आहे, शुद्ध लिथियमचा नव्हे. त्या पट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार न मिळाल्याने तो रद्द करावा लागला. अशा बातमीवर चार वर्षांच्या पदवीचा निर्णय बेतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देशाची खरी अडचण खनिज जमिनीतून काढल्यानंतर सुरू होते. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असलेले खनिज आहे आणि आयआरईएल ही सरकारी कंपनी अनेक दशके त्यावर काम करीत आहे. परंतु या गटातील सतरा मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात की, ती एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी द्रावक निष्कर्षणाचे, म्हणजे विशिष्ट द्रवांत विरघळवून वेगळे काढण्याचे, शेकडो टप्पे पार पाडावे लागतात. त्यातच मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असल्याने कामावर अणुऊर्जा खात्याचे नियंत्रण येते. जगातील या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के वाटा चीनकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशी सात मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्याकडील वाहन उद्योग चिंतेत पडला, कारण विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बहुतेक मोटारींत निओडिमियमची चुंबके असतात आणि ती उष्णतेत टिकावीत म्हणून डिस्प्रोसियम मिसळावे लागते. क्षेपणास्त्रांत लागणारी समेरियम-कोबाल्टची चुंबके तर संरक्षणाचाच विषय आहे.

म्हणूनच केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये अशा महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. पुढे त्याच वर्षी जुन्या बॅटऱ्या व ई-कचऱ्यातून धातू परत मिळवण्यासाठी १,५०० कोटींची आणि चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना आली. हा पैसा मुरायला वेळ लागेल. पण तो ज्या दिशेने चालला आहे, तिथे खाणतज्ज्ञांइतकीच, किंबहुना अधिक, गरज धातुशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्यांची पडणार आहे.

आपण लिहिता की, तेजाबाच्या (आम्लाच्या) धुरात आयुष्य गेले, आता मुलीने त्या वाटेला जाऊ नये. धुराबाबत आपले म्हणणे रास्तच आहे. परंतु मुशीत धातू वितळवणे, तेजाबाने चांदी विरघळवून सोने वेगळे करणे, टंच काढणे (शुद्धता तपासणे) हे आपण हाताने करता, त्याच कामाचे शास्त्र धातू अभियांत्रिकीत शिकवले जाते. खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांची पुढची पिढी या शास्त्राकडे अजून फारशी वळलेली दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र अभियांत्रिकीची शाखा आहे आणि तेथील प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी महत्त्वाची आहे. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्र व खाण अशा दोन्ही शाखा आहेत, तिथे जेईई मेन लागते. धनबादची संस्था खाणशास्त्रासाठी नावाजलेली असली, तरी ती आयआयटी असल्याने जेईई अॅडव्हान्स्ड टळत नाही. गुण कमी पडले, तर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बीएस्सी, त्यानंतर एमएस्सी, आणि मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ पदासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, हाही मार्ग सन्मानाचाच आहे.

प्रवेशाचे पर्याय भरताना धातुशास्त्र आधी आणि खाण त्यानंतर लिहावी, असे मी सुचवेन. त्यापूर्वी सुट्टीत तिला आठवडाभर कोइमतूरला नेऊन भट्टीचे काम दुरून का होईना पाहू द्यावे, आणि एवढे करूनही तिला खाणच हवी असेल, तर आपण तिला अडवू नये.