इस्टेट, वॅगन की वाघीण?

प्रश्न असा आहे. ब्रिटनमधल्या टूरिंग कार शर्यतींवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे आणि त्यात 'व्होल्वो ८५० इस्टेट' शर्यतीत उतरल्याची हकिकत आहे. संगणकाने त्याचं 'व्होल्वोची ८५० मालमत्ता' करून दिलं. एका मित्राने सुचवलं, 'वॅगनला मराठीत वाघीण म्हणतात, तेच ठोक.' शिवाय 'टूरिंग'चं पर्यटन करावं की नाही यावर घरातच दोन तट पडलेत. तर लिहावं काय?

आधी उत्तर देतो. 'इस्टेट' किंवा 'इस्टेट गाडी' असंच लिहा, आणि पहिल्या उल्लेखाला एखादी ओळ खर्चून ती गाडी वाचकापुढे उभी करा: पुढून सेडानसारखी, पण छप्पर पार मागच्या टोकापर्यंत सरळ गेलेलं, डिकी वेगळी नाही, मागच्या सीटमागे सामानाला मोकळी जागा आणि पाठीला वर उघडणारं दार. संदर्भ अमेरिकेचा असेल तर 'स्टेशन वॅगन' म्हणा. नवा शब्द पाडायच्या फंदात पडू नका.

संगणक फसला त्याला कारण आहे. मराठीत 'इस्टेट' म्हणजे घरदार, शेतीवाडी. ज्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात ती. गंमत अशी की गाडीचं नावही तिथूनच आलंय. इंग्लंडात खेड्यापाड्यात मोठ्या जमीनजुमल्याचे मालक असत. त्यांच्या इस्टेटीवर बंदुका, शिकारी कुत्री, पाहुणे आणि पाहुण्यांच्या पेट्या वाहायला जी गाडी लागे ती 'इस्टेट कार'. अमेरिकेत तशाच गाड्या रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि त्यांचं सामान आणायला जात, म्हणून तिकडे 'स्टेशन वॅगन' झालं. गाडी जवळपास तीच, फक्त चाकरी वेगळी. खुद्द स्वीडिश भाषेत या गाडीला जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ 'जमीनदाराच्या वाड्यावरची गाडी' असाच होतो, म्हणजे व्होल्वोच्या माहेरीही गोष्ट इस्टेटीपाशीच येते. फ्रेंच लोक तिला 'ब्रेक' म्हणतात. ते मराठीत आणलं असतं तर 'ब्रेक शर्यतीत उतरला' असं लिहावं लागलं असतं, तेव्हा इस्टेटवर भागलं हे नशीब.

आता वाघीण. हा शब्द अस्सल आहे, कुणी गमतीने जुळवलेला नाही. आगगाडी आली, तिच्याबरोबर 'वॅगन' आली आणि मराठी जिभेवर तिची वाघीण झाली. 'कांद्यासाठी वाघिणी मिळेनात' असा मथळा वाचून जंगल कुणालाच आठवत नाही. पण ही वाघीण मालगाडीची. तिच्यात कोळसा, खत, सिमेंट भरतात, माणसं बसत नाहीत. 'व्होल्वोची वाघीण शर्यतीत' असं लिहिलंत तर वाचक बुचकळ्यात पडेल, कारण आपल्याकडे व्होल्वोचीही गत वेगळी आहे. 'व्होल्वोने आलो' म्हणजे वातानुकूलित बसने आलो, मग ती बस कुठल्या का कंपनीची असेना. बस आणि मालडबा यांची शर्यत वाचकाच्या डोळ्यांसमोर आली तर दोष त्याचा नाही. म्हणून 'व्होल्वो कंपनीची मोटार' एवढं तरी सुरुवातीला लिहाच.

या गाडीला घरगुती मराठी नाव का पडलं नाही, याचं उत्तर शब्दकोशात नाही, रस्त्यावर आहे. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९९२ साली 'टाटा इस्टेट' आणली होती, पुढे 'इंडिगो मरीना' आली. दोन्ही फार चालल्या नाहीत. वस्तू दारात उभी राहिली नाही की तिला नावही पडत नाही. याउलट त्याच कंपनीची १९९४ची सुमो पाहा. टेल्कोचे एकेकाळचे अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या अक्षरांवरून बेतलेलं ते विशेषनाम गावोगावी जवळपास सामान्यनाम झालं, 'सुमो करून गेलो' म्हणण्यापर्यंत.

तुमच्या लेखात मात्र 'इस्टेट' ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या हकिकतीतली सगळी मजा 'ही शर्यतीची गाडीच नव्हे' या भावनेवर उभी आहे. १९९४च्या एप्रिलमध्ये थ्रक्स्टनच्या ट्रॅकवर ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचा मोसम सुरू झाला. आजूबाजूला अल्फा रोमिओ १५५, बीएमडब्ल्यू, फोर्ड मोंडेओ, रेनॉ लगुना अशा गाड्या आणि त्यांच्यात दोन लांबलचक व्होल्वो. इंग्लंडात व्होल्वो इस्टेट म्हणजे मुलं, कुत्रा आणि जुनं फर्निचर वाहणारी सभ्य गाडी. शर्यतीच्या गाड्या टॉम वॉकिनशॉ रेसिंग या नामांकित संघाने तयार केल्या होत्या. चालवायला स्वीडनचा रिकार्ड रिडेल आणि नेदरलँड्सचा यान लामर्स. हा लामर्स १९८८ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला, म्हणजे हा काही पोरखेळ नव्हता. आत दोन लिटरचं, टर्बो नसलेलं पाच सिलिंडरचं इंजिन, सुमारे २९० अश्वशक्ती, सहा गिअर. बाहेरून मात्र बाजाराला निघालेली गाडी. प्रतिस्पर्ध्यांनी कुरकुर केली, टर उडवली. त्यावर संघाने काय करावं? शर्यतीआधीच्या संचलनाच्या फेरीला मागच्या सामानाच्या जागेत कोली जातीचा, भुसा भरलेला मोठा कुत्रा बसवून गाडी फिरवली! 'मालमत्ता' किंवा 'वाघीण' लिहिलंत तर हा कुत्रा तिथे का बसला हेच कळणार नाही. 'इस्टेट' लिहून आधी तिची घरगुती ओळख करून दिलीत तर वाचक आपसूक हसेल.

निकाल म्हणाल तर बेताचेच. मोसमातली सर्वोत्तम कामगिरी पाचवा क्रमांक, रिडेलचा, ओल्टन पार्कच्या ट्रॅकवर. वर्षाअखेर रिडेल चौदावा, लामर्स पंधरावा. मागच्या बाजूला उंचावर काच आणि पत्रा वागवत वळणं घ्यायची म्हणजे सोपं काम नाही. वळणाच्या कडेवर चढून चाक हवेत उचललेल्या त्या गाडीची छायाचित्रं आजही लोक आवडीने बघतात, विजेत्या अल्फापेक्षा जास्त असं माझं मत. १९९५पासून सगळ्यांना मागे पंख, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारी आडवी पट्टी, लावायची मुभा मिळाली, तो लाभ इस्टेटच्या अंगाला लागणारा नव्हता, आणि व्होल्वो सेडानवर आली. रिडेल त्या वर्षी तिसरा आला आणि १९९८ला एस४० घेऊन विजेता झाला.

'टूरिंग'चं पर्यटन करू नका. आपल्याकडे 'टुरिस्ट गाडी' म्हणजे पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी, आणि 'टूरिंग' म्हटलं की जुन्या माणसांना तंबूतलं फिरतं टॉकीज आठवतं. शर्यतीत टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून बनवलेली शर्यतीची गाडी. लेखात जागा असेल तर हेही घाला: ही स्पर्धा १९५८ला सुरू झाली तेव्हा तिच्या नावात 'सलून कार' होतं, 'टूरिंग' आलं १९८७ला. ते नाव बदललं नसतं तर मराठीत फारच पंचाईत होती. सलूनमध्ये आपण दाढी करतो. फार तर रेल्वेतले जुने लोक साहेबांच्या खास डब्याला सलून म्हणतील. म्हणून ब्रिटिश 'सलून'ला मराठीत सरळ 'सेडान' करा, तो शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

तुमचा लेख पुढच्या वर्षांपर्यंत जाणार असेल तर आणखी दोन नावं येतील. २०१४ला होंडाने सिव्हिक टूरर उतरवली, मॅट नील आणि गॉर्डन शेडन या चालकांसाठी. टूरर म्हणजे इस्टेटच. इथे भाषांतराची हौस केलीत तर 'पर्यटन स्पर्धेतला पर्यटक' असं काहीतरी होऊन बसेल, तेव्हा नाव जसंच्या तसं ठेवा. या गाडीने शर्यती जिंकल्या, म्हणजे व्होल्वोला न जमलेलं करून दाखवलं. मग २०१६ला सुबारूची लेव्होर्ग आली, तीही इस्टेटच, आणि २०१७ला अ‍ॅश सटनने तिच्यावर चालकांचं विजेतेपद मिळवलं. लेव्होर्ग हे लेगसी, रिव्होल्यूशन आणि टूरिंग या तीन शब्दांचे तुकडे जोडून कंपनीने केलेलं नाव आहे. व्युत्पत्ती शोधत बसू नका, ती तेवढीच आहे.

राहता राहिलं लिंग. गाडी, मोटार आणि मालमत्तेच्या अर्थाची इस्टेट, तिन्ही स्त्रीलिंगी, तेव्हा 'ती इस्टेट', 'इस्टेटने वळण घेतलं' बिनधास्त लिहा. अनेकवचनी 'इस्टेटी' केलंत तर लगेच सातबारा आठवतो. तिथे 'इस्टेट गाड्या' लिहा.