लहान मुलांची शिशाची रक्ततपासणी सक्तीची असावी का? कोल्हापुरात मी माझ्या मुलीची करून घेऊ का?

तुमची मुलगी दीड वर्षाची. नणंदेच्या मुलाची अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास शिशाची तपासणी झाली, इथं मात्र डॉक्टरांनी कधी विषयही काढला नाही. मग आपल्याकडे ती सक्तीची का नाही आणि व्हावी का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं रक्त काढायचं काम करते. डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा. पण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. सक्ती हवीच, फक्त ती पहिल्यांदा आमच्यावर, म्हणजे लॅबवर हवी. पालकांवर नंतर.

अमेरिकेत सुद्धा सरसकट सगळ्या मुलांना सक्ती नाही. मेडिकेड म्हणून गरीब कुटुंबांसाठी सरकारी आरोग्य योजना आहे, तिच्यातल्या मुलांची १२ आणि २४ महिन्यांना तपासणी करावीच लागते. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी ती सगळ्याच मुलांना लावली आहे. तिथलं मुख्य दुखणं म्हणजे १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांचा रंग. पोपडे सुटतात, धूळ खाली बसते, आणि रांगणारं पोर तेच हात तोंडात घालतं. वय एक-दोन वर्षांचं धरलंय ते त्यामुळेच. शिवाय गिळलेल्या शिशातला जो वाटा मोठ्या माणसाच्या अंगी लागतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगी लागतो. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवतं. वरून काही दिसत नाही. पोट दुखणं, बद्धकोष्ठता, फिकटपणा, चिडचिड. यातलं काय शिशामुळे आणि काय जंतांमुळे, हे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

सक्तीची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्याच प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानं म्हटलं, की लक्षणं नसलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची सरसकट तपासणी फायद्याची आहे की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. कारण औषधाची बाजू लंगडी आहे. रक्तात शिसं २० ते ४४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असलेल्या ७८० मुलांवर तिथं मोठी चाचणी झाली होती. सक्सिमर नावाचं औषध दिल्यावर रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत ती मुलं बिनऔषधाच्या मुलांच्या पुढं गेली नाहीत. हा निकाल २००१ चा. आजही साधारण ४५ च्या पुढे गेल्यावरच शिसं बाहेर काढायचं औषध देतात, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याखाली उपाय एकच, शिसं येतंय कुठून ते शोधायचं आणि बंद करायचं.

मग एवढ्या सुया टोचून मिळतं काय? अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१४ मध्ये तिथं पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. अधिकारी म्हणत होते, पाणी चांगलं आहे. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नवीन काही तपासलं नाही. नेहमीच्या तपासणीतले जुने रिपोर्ट काढून पाणी बदलण्याआधीचे आणि नंतरचे समोरासमोर ठेवले. ५ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ वर गेलं होतं. रिपोर्ट आधीच पडून होते म्हणून हे उघडकीला आलं. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका घरातल्या दोन मुलांचे आकडे नेहमीच्या तपासणीत वर आले. आरोग्य खात्याची माणसं घरी गेली, घर धुंडाळलं, आणि दोष निघाला सफरचंदाच्या गराच्या पाकिटातल्या दालचिनीत. तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं संयुग, मिसळलेलं असावं असं तपासात दिसलं. ती पाकिटं देशभर विकली गेली होती, बाधित मुलं पुढे पाचशेच्या आसपास निघाली. आपल्याकडे असं झालं असतं तर त्या दोन मुलांना लोहाचं सिरप देऊन घरी पाठवलं असतं, आणि पाकिटं दुकानात तशीच राहिली असती.

माझा सगळा मुद्दा या दोन घटनांत आहे. तपासणीचा खरा उपयोग एका मुलापेक्षा त्या गल्लीला, त्या गावाला जास्त. पण तो तेव्हाच, जेव्हा आकडे कुठंतरी एकत्र जमतात आणि ते बघून कुणीतरी घरापर्यंत जातं. तिथं लॅबनं शिशाचा रिपोर्ट आरोग्य खात्याला कळवायचा असतो. इथं माझ्या हातून गेलेला रिपोर्ट पालकांच्या व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथंच संपतो. एका मुलाचा आकडा चांगलाच वर आला होता. वडील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, दुसरं ते काय करणार? त्याच शेडमध्ये कामाला येणाऱ्या इतरांच्या घरीही लेकरं असणार, त्यांच्यापर्यंत जायचं काम कुणाकडेच नव्हतं.

आणि आपल्याकडे कायद्याला हा आजार माहीत नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेतही ती आहे. कामगाराला झाली तर डॉक्टरनं कळवायचं. त्याच कामगाराच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीनं त्याच्या पोराला झाली, तर ते पोर काही कारखान्यात कामाला नसतं! क्षयरोग २०१२ पासून कळवणं बंधनकारक झाला, खासगी दवाखान्यांना आणि लॅबना सुद्धा. तेव्हा कुरकुर झाली, पण आज ते अंगवळणी पडलंय. शिशासाठी तसाच एक आदेश निघाला तर त्याला नवी इमारत लागत नाही की मशीन.

त्यानंतरची पायरी म्हणजे बॅटरी, भंगार, धातूकाम असलेल्या वस्त्यांतल्या आणि सोबत नमुना म्हणून इतर काही अंगणवाड्यांतल्या सगळ्या मुलांची तपासणी. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतोच, वय बरोबर जुळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही अंगणवाडीत येतं. सगळ्या जिल्ह्याला सक्ती करायची की नाही, ते या आकड्यांवरून ठरवावं. आज आपल्या हातात आकडेच नाहीत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या प्रदूषणावर काम करणाऱ्या संस्थेनं २०२० मध्ये भारतात ५ मायक्रोग्रॅमच्या वर असलेली मुलं सुमारे २७.५ कोटी सांगितली, पण तो छोट्या छोट्या अभ्यासांवरून गणितानं काढलेला अंदाज आहे, मोजदाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९८-९९ च्या फेरीत मुंबई आणि दिल्लीच्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसं होतं, ते २००० साली देशभर बंद झालं.

आता तुमच्या घराकडे येऊ. रक्त काढायच्या आधी घरात एक फेरी मारा.

पहिला प्रश्न, घरातलं कोण काय काम करतं. बॅटरीचं काम तर उघडच आहे. पण आपलं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव लेथवर आणि ओतकामावर जगतं, त्यामुळे हेही सांगते: गनमेटलच्या बुशमध्ये आणि लेथवर सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत शिसं मुद्दाम घातलेलं असतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यात शिसं घातलेलं नसतं. घरात असं कुणी असेल तर कामाचे कपडे कारखान्यातच बदलायचे किंवा निदान वेगळे धुवायचे, आणि हातपाय-तोंड धुतल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही.

दुसरं स्वयंपाकघर. हळद चमकदार दिसावी म्हणून हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट लावायचा उद्योग बांगलादेशात उघड झाला. सुरुवात गरोदर बायांच्या रक्ताच्या तपासणीतूनच झाली होती. तिथं मग धाडी, दंड, जनजागृती झाली आणि बाजारातल्या हळदीत शिसं सापडण्याचं प्रमाण २०१९ च्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. आपल्याला सांगली शेजारी, म्हणून हळकुंडं आणून दळून घेतली की निर्धास्त, असं बऱ्याच जणींना वाटतं. पण रंग हळकुंडालाच चढवला असेल तर घरी दळून काय उपयोग? फार पिवळीजर्द, गुळगुळीत हळकुंडं मी घेत नाही. कल्हई करून घेत असाल तर ओळखीच्या कल्हईवाल्याकडून घ्या. कथिलात स्वस्त शिसं मिसळलं तर आमटी-ताकाच्या आंबटपणानं ते उतरतं. भंगारातून ओतलेल्या जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं उतरतं, हे अमेरिकेत सिॲटलच्या बाजूला झालेल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं होतं. मुलीची पेज तरी स्टीलमध्ये करा.

तिसरं देवघर आणि पाळणा. खरा शेंदूर हे शिशाचंच संयुग आहे. मारुतीला लावा, माझी काही हरकत नाही, पण तो मुलीच्या कपाळाला आणि तिथून तिच्या बोटांना नको. सुरमाही नको. घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसतं, पण डोळ्यात घालायचं कारण तेही नाही. आणि कुणी ‘शक्तीसाठी’ भस्म घातलेली पुडी दिली तर आत काय आहे ते विचारा. नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म.

जुन्या वाड्यात राहत असाल तर दारं-खिडक्या घासून नव्यानं रंगवताना मुलीला माहेरी न्या. रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय. त्याआधीच्या थरांत काय आहे, सांगता येत नाही.

यातलं काही जुळत असेल तर तपासणी करून घ्या, थांबू नका. मुलगी माती, चुन्याचे पोपडे खात असेल तरी करा. यातलं काहीच नसेल आणि तुम्हाला रात्रीची झोप लागत नसेल, तर एकदा करून मोकळ्या व्हा, पण मी तुमच्या मागे लागणार नाही. हिमोग्लोबिन मात्र नक्की बघा. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत दोघांना रक्तक्षय आहे.

इथल्या बहुतेक लॅब हा नमुना मुंबई-पुण्याला पाठवतात, रिपोर्टला काही दिवस जातात. रक्त शिरेतूनच द्या. बोटाला टोचून केलेली तपासणी चालते, पण कातडीवरच्या धुळीतलं शिसं त्यात मिसळलं की आकडा उगाच फुगतो. तसा आला तर शिरेतून पुन्हा तपासल्याशिवाय घाबरायचं नाही. आजी-आजोबा ‘एवढ्याशा जिवाचं रक्त कशाला’ म्हणून अडतात. दोन-तीन मिलिलिटर पुरतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच. अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर लक्ष ठेवतात, जागतिक आरोग्य संघटना ५ पासून पुढे स्रोत शोधायला सांगते. आकडा वर आला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांना वरची घरातली यादी सांगा, आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजायचं का ते विचारा. आकडा फारच मोठा असेल तर त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, किंवा दुसरं मोठं रुग्णालय गाठा. ‘डिटॉक्स’ची पावडर कुणाकडूनही घेऊ नका. तपासणीला उपाशी आणायची गरज नाही, दूध पाजून आणा. सकाळी लवकर या, पोरं तेव्हा कमी रडतात.