बाथरूमच्या कामाचे दिवस कसे मोजावेत?

प्रश्न : आमच्या घरात एकच बाथरूम असून शौचालयही त्यातच आहे. फरशी, टाइल्स, नळ सारे काढून नव्याने करायचे आहे. कंत्राटदार ‘सतरा दिवसांत काम पुरे करून देतो’ म्हणतात, तर नुकतेच असे काम करून घेतलेले आमचे शेजारी महिना उलटून गेल्याचे सांगतात. पाच आठवड्यांनी माझे आईवडील दोन महिन्यांसाठी राहायला येत आहेत. वडील काठी घेऊन चालतात. टाइल्स अजून ठरवलेल्या नाहीत. काम आत्ता काढावे का?

उत्तर : आत्ता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले कंत्राटदार खोटे बोलत असतील असे मात्र मला वाटत नाही. त्यांनी बहुधा माणसे कामावर असतील तेवढेच दिवस मोजले आहेत. सिमेंट, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्समधले सांधे वाळण्याचे दिवस त्यांच्या हिशेबात धरलेले दिसत नाहीत.

मध्यम आकाराच्या बाथरूमचा हिशेब मी असा करतो. तोडफोड करून राडारोडा हलवायला दोन दिवस, भिंतीत खाचा पाडून नळाच्या आणि विजेच्या लाइनी टाकायला तीन, प्लास्टरला दोन. पाइप प्लास्टरखाली झाकले जाण्यापूर्वी त्यांत दाब देऊन गळती तपासून घ्यावीच. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारावे लागते. त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि ते वाळणे मिळून चार दिवस, पाण्याच्या चाचणीला दोन, ढाळाचा थर घालून तो धरेपर्यंत तीन, टाइल्सना चार, टाइल्स घट्ट बसायला एक, सांधे भरायला एक, नळ-कमोड जोडायला दोन आणि शेवटी कडांच्या फटींत भरलेले सिलिकॉन सुकायला एक. बेरीज 32 दिवसांची होते आणि त्यांतले प्रत्यक्ष कामाचे दिवस 17 च आहेत. सुट्ट्या, गवंड्याचे आजारपण किंवा जुन्या फरशीखाली निघालेला सडका पाइप यांसाठी वर आणखी एक आठवडा राखून ठेवावा.

घाई झाली की सर्वांत आधी पाण्याच्या चाचणीवर गदा येते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. वॉटरप्रूफिंग पूर्ण वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड घट्ट बंद करून दाराशी लहानसा बांध घालतात आणि दोन इंच पाणी भरून ठेवतात. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलीने रेघ मारावी, वेळ लिहून ठेवावी आणि 48 तास कोणालाही आत जाऊ देऊ नये. थोडे पाणी हवेत उडून जाते, पण पातळी ठळकपणे उतरली किंवा खालच्या छताला ओल दिसली, तर दोष हाताशी असतानाच सापडला असे समजावे. हीच गळती टाइल्स बसल्यानंतर उघडकीस आली, तर सगळी फरशी पुन्हा फोडावी लागते. हे दोन दिवस कोणाच्याही सांगण्यावरून कमी करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कामाला खरा उशीर होतो तो सामानामुळे. भिंतीत गाडायचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भाग) नळकामाच्या वेळीच हातात असावा लागतो, कारण प्लास्टर आणि टाइलची जाडी धरून तो किती खोल बसवायचा हे त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ठरते. टाइल्स मोजमापापेक्षा दहा टक्के अधिक आणि एकाच बॅचच्या घ्याव्यात. मागाहून मागवलेल्या खोक्यातला रंग किंचित निराळा निघतो आणि तो डोळ्यांना खुपत राहतो. तेव्हा शेवटचा नळसुद्धा घरात येऊन पडल्याशिवाय पहिला हातोडा पडू देऊ नये. अपवाद काचेच्या पार्टिशनचा. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच नंतर कापता येत नसल्याने तिचे माप टाइल्स बसल्यावरच घेतात, पण तिच्यावाचून बाथरूमचा वापर अडत नाही.

आपल्याकडे टाइल्सच ठरलेल्या नाहीत, म्हणजे 32 दिवसांची मोजणी अजून सुरूच झालेली नाही. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला महिनाभर दुसऱ्याच्या घरी स्नानाला आणि रात्री-अपरात्री शौचाला पाठवणे मला योग्य वाटत नाही. आईवडील परत गेल्यावर काम काढावे. तोपर्यंतच्या तीन महिन्यांत सामानाची निवड निवांत होईल. आधाराचे दांडे कोठे लागतील हेही वडिलांना उभे करून, त्यांचा हात पोहोचतो ती उंची पाहून नोंदवून ठेवावे, म्हणजे प्लास्टरच्या आधी त्या जागा भक्कम करून घेता येतील. ते येण्यापूर्वी कमोडशेजारची भिंत मजबूत असल्याची खात्री करून एक दांडा सध्याच्याच बाथरूममध्ये बसवून घ्या. एवढे काम एका सकाळीत होते.