वडील-लेक मिळून स्वयंपाक करतात अशी मांगा (जपानी चित्रकथा) कोणती? त्यातला भात घरी जमेल का?

‘अमाआमा तो इनाझुमा’ वाचा. इंग्रजीत ‘स्वीटनेस अँड लाइटनिंग’, 12 खंडांत पूर्ण. बायको वारलेला शिक्षक, त्याची चिमुरडी त्सुमुगी आणि सुरीला घाबरणारी विद्यार्थिनी कोतोरी एकत्र रांधतात, जेवतात. पहिल्याच प्रकरणात मातीच्या भांड्यातला साधा पांढरा भात आहे. तो जमेल, फक्त बासमती नको, दाणे सुटे पडतात; आपला इंद्रायणी चालतो. 2 वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून जाड बुडाच्या पातेल्यात अडीच वाट्या पाणी घाला. मध्यम आचेवर उकळी, मग झाकून मंद आचेवर 12 मिनिटं. गॅस बंद केल्यावर 10 मिनिटं झाकण अजिबात उघडायचं नाही. घाई इथेच होते आणि वाफ निसटली की दाणा आत कचवट राहतो. तांदूळ नवा असेल तर पाव वाटी पाणी कमी, नाहीतर गिचका.