इंजिन फाउंडेशन (चासी आणि इंजिनमधले रबरी माउंटिंग) किती कडक घ्यावं: घरी बांधलेली ६०० किलोची किट कार

तुमच्या गाडीचं थोडक्यात असं: चौकोनी नळ्यांची चासी, वजन ६०० किलोच्या आसपास, पुढे लांबीत बसवलेलं १६०० सीसी चार सिलिंडर इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना. रेस दिली की इंजिन डोलतं, गिअरचा दांडा हलतो, डाऊनपाइप (इंजिनातून खाली येणारा एक्झॉस्टचा पाइप) चासीच्या नळीला लागतो. म्हणून ९० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं कडक) चे पॉलीयुरेथेन माउंटिंग टाकावेत का?

९० नको. ६० ते ६५ चं रबर घ्या आणि इंजिनचे दोन्ही व गिअरबॉक्सखालचं एक, तिन्ही एकदम बदला.

चार सिलिंडर इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. ८५० च्या आयडलिंगला सेकंदाला साधारण २८ हादरे. फाउंडेशनवरच्या इंजिनची स्वतःची थरथर याच्या जवळ आली की सगळी गाडी घुमते. रबराने हादरा अडवायचा तर ती २० हर्ट्झच्या खालीच हवी. त्याच आकाराचं रबर ४५ शोअरच्या मऊ रबरावरून ६०-६५ ला नेलं तर कडकपणा जेमतेम दुप्पट होतो, म्हणजे आधी थरथर १० हर्ट्झ असेल तर १४ होते (ती कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते). ९० ला तो दहापटीच्या घरात जातो आणि १० चे ३२ होतात. आरसे, पत्रे, डॅशबोर्ड सगळंच वाजायला लागतं.

पण काही विकत घेण्याआधी नक्की काय हलतंय ते बघा. हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून एकाने क्लच हलकेच चावायला सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं (गाडीसमोर नाही). ब्रॅकेट किंवा नळीच वाकत असेल तर कडक रबराने डोलणं थांबणार नाही, फक्त तडा वेल्डिंगजवळ लवकर येईल. दीड मिलिमीटरच्या नळीच्या मधोमध ब्रॅकेट डकवणं ही घरच्या गाड्यांतली नेहमीची चूक. खाली ३ मिमीची पट्टी पसरवा, गसेट (कोपऱ्यातला तिकोनी आधार) द्या आणि भार नळ्यांच्या सांध्यापर्यंत न्या.

माउंटिंगचा प्रकार तर शोअरपेक्षाही महत्त्वाचा. १५० न्यूटन मीटरचं इंजिन आणि ३.५ चा पहिला गिअर धरला तर फाउंडेशनवर ५२५ न्यूटन मीटरचा पीळ येतो. दोन माउंटिंगमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर एका बाजूला सुमारे १०७ किलोचा दाब आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच उचल. त्या बाजूवर इंजिनचं वजन ५५ किलो असेल, तर उरलेली ५० किलोहून जास्त ओढ थेट रबरावर पडते. दोन्ही टोकांना स्टड असलेलं साधं गोल रबर इथेच धातूपासून सुटतं. रबर फाटलं तरी इंजिन जागेवर अडकून राहील असं आतून गुंतलेलं माउंटिंग घ्या, किंवा आडव्या बोल्टवरचा बुश (आत स्टीलची नळी असलेलं रबर किंवा पॉलीयुरेथेनचं जाड कडं).

बुश घेतलात तर आतली स्टीलची नळी बुशपेक्षा अर्धा ते एक मिमी लांब असू द्या. ब्रॅकेटने नळी आवळायची असते, पॉलीयुरेथेन नव्हे. नाहीतर बुश जाम होतो आणि ब्रॅकेटचा कान तुटतो.

गिअरबॉक्सखालचं तसंच मऊ ठेवलं तर मागचं टोक झुलत राहतं आणि दांड्याची तक्रार जात नाही. उलट तेच एकटं घट्ट केलं तर गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या मागच्या केसिंगला तडा जातो.

बसवताना सगळे बोल्ट ढिले ठेवा, इंजिनचं पूर्ण वजन खाली येऊ द्या, थोडं हलवून बसू द्या, मग आवळा. एम१० च्या ८.८ ग्रेड बोल्टला ४५ न्यूटन मीटर पुरे. नव्या माउंटिंगची उंची वेगळी असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचा) कोन पुन्हा मोजा. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि ३ अंशांच्या आत ठेवा.

डाऊनपाइप मात्र वेगळा सोडवा. तिथे लवचीक जोड टाका आणि नळीपासून किमान १५ मिमी मोकळं ठेवा. एक्झॉस्टजवळच्या माउंटिंगला पत्र्याची आड द्या, उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं. इंजिन ते चासी अर्थिंगची जाड वायरही विसरू नका. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. आवळतानाच डोक्यावर रंगाची रेघ मारली असेल तर सरकलेला लगेच दिसतो.