टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलेली सायकल दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते, थोडं थांबलं की चालू होते. कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदलू का?

नाही. आधी टाकीचं झाकण उघडून बघा.

माझ्याही सायकलचं हेच व्हायचं. पौड रोडने निघायचं, चांदणी चौकाचा चढ लागला की इंजिन मिसिंग करायचं, म्हणजे अडखळायचं, आणि गप्प. जरा वेळ उभं राहिलं की पुन्हा चालू. आमचे भावोजी भोसरीत टूलरूमला, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणाले, कार्बोरेटर गेलाय. मी विचारत होतो, गेलेला कार्बोरेटर नुसतं उभं राहिल्याने बरा कसा होतो? उत्तर नाही. नाना पेठेतून नवा आणवला, बसवला, आणि सायकल त्याच चढावर बंद पडली. तिथेच मी झाकण सैल केलं. फुस्सकन हवा आत गेली, दोन पायडल मारताच इंजिन चालू! टाकी रंगवताना झाकणाचं बारीक भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत आली नाही, तर पेट्रोल अडणारच. भावोजी अजूनही म्हणतात, जुना कार्बोरेटर खराबच होता. तोच परत लावलाय आणि सायकल उत्तम चालते.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरा. धार बारीक होत गेली तर टाकीखालच्या कॉकची जाळी नाहीतर पाइपमधला फिल्टर तुंबलाय. कारचा फिल्टर लावला असेल तर काढाच, तो पंपाच्या दाबासाठी असतो आणि आपली टाकी कार्बोरेटरच्या जेमतेम फूटभर वर. धार चांगली असेल, तरच कार्बोरेटर उघडून त्यातला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

मिसिंग होत असताना रेटत नेऊ नका. आपलं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पावसाळाभर उभी असेल तर टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरा. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल धरते, पाणी तळाला बसतं.

हे सगळं इंजिन थंड झाल्यावर करा, गरम सिलिंडरवर पेट्रोल सांडलं तर पेट घेऊ शकतं. आणि 25 सीसीच्या वरचं इंजिन कायद्याने मोटर वाहन ठरतं, नोंदणी लागते, तेही बघून घ्या.