चार महिन्यांच्या बाळाची सर्दी आणि आईकडून मिळालेली शिदोरी

प्रश्न : माझ्या मुलीचा जन्म 35 व्या आठवड्यात झाला. ती आता 4 महिन्यांची आहे आणि तिला सर्दी-खोकला वारंवार होतो. तिची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी असल्याने टॉनिक सुरू करावे व रोज ओव्याची धुरी द्यावी, असे सासूबाई म्हणतात. काय करावे?

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, परंतु हे दोन्ही उपाय कृपया करू नका. पोटात असताना बाळाची प्रतिकारयंत्रणा आईच्या शरीराशी झगडू नये इतपत आवरलेली असते, आणि जन्मानंतरही काही महिने विषाणूंशी लढताना लागणारे इंटरफेरॉन-गॅमासारखे घटक ती मोठ्या माणसांच्या तुलनेत कमी तयार करते. ही उणीव भरून काढण्यासाठी आईच्या रक्तातील आयजीजी ही प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून बाळाकडे जातात. ही शिदोरी प्रामुख्याने गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बांधली जाते, त्यामुळे लवकर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती कमी येते. शिवाय ती हळूहळू संपत जाते आणि बाळाची स्वतःची प्रतिपिंडे अजून पुरेशी तयार होत नसतात, त्यामुळे साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात त्यांचे प्रमाण सर्वांत कमी असते. आपली मुलगी नेमकी याच टप्प्यात आहे. हा आजार नव्हे, आणि कोणतेही टॉनिक हा टप्पा लवकर ओलांडून देत नाही.

त्यातच या वयात श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की आतून किंचित सूज आली तरी श्वास अडतो. आरएसव्ही हा श्वसनमार्गाला बाधणारा विषाणू वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक सर्व मुलांना गाठतो. मोठ्यांना त्याने साधी सर्दी होते, तान्ह्या बाळाच्या मात्र छातीत उतरू शकते. विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. धुरीने, मग ती ओव्याची असो वा उदाची, नाजूक श्वासनलिकांचा दाह वाढतो. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असल्यास तेही थांबायला हवे.

अंगावरचे दूध चालू ठेवा, कारण त्यातील आयजीए प्रतिपिंडे घसा व आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. मध एक वर्षापर्यंत अजिबात चाटवू नये. नाक चोंदले असल्यास पाजण्यापूर्वी सलाइनचे थेंब घालावेत. न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरोधी) आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित) लसी जन्मतारखेनुसारच द्याव्यात. बाळ लवकर जन्मले म्हणून त्या पुढे ढकलू नयेत. सर्दी झालेल्या पाहुण्यांना बाळाला घेऊ न देणे अवघड वाटते, तरीही ते स्पष्टपणे सांगावे.

बाळ शांत असताना झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक असतील, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल अथवा ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.